सोलापुरात जुन्या इमारतीत वरचा मजला भाड्याने घेतलाय? उन्हाळ्याआधी करायची कामं

सोलापुरात नव्याने येणारी बरीच मंडळी जून-जुलैत घर शोधतात. बदल्या तेव्हाच होतात, कॉलेजचे प्रवेशही तेव्हाच असतात. त्या दिवसांत एखादा पाऊस पडून गेलेला असतो, हवा गार असते आणि जुन्या इमारतीतला सगळ्यात वरचा फ्लॅट बघताक्षणी आवडतो. वारा भरपूर, गच्ची डोक्यावर, आणि भाडं खालच्या मजल्यापेक्षा कमी. ते कमी का, हे मार्च उजाडला की कळतं.

मी मूळची चिपळूणची. लग्नानंतर सोलापुरात आले आणि मुरारजी पेठेत एका जुन्या तीनमजली इमारतीत वरच्या मजल्यावर बिऱ्हाड थाटलं. पहिल्याच एप्रिलमध्ये एका रात्री साडेदहाला दिवे मालवून पडलो, पंखा पाचवर, तरी गादीतून वाफ आल्यासारखं होत होतं. मी स्टुलावर चढून वरच्या स्लॅबला तळहात टेकवला. इस्त्री बंद करून दहा मिनिटं झाल्यावर जशी लागते, तसा तो स्लॅब लागला. मग गच्चीवर गेले, तर वर छान गार वारा सुटला होता. बाहेरचं गाव निवलं होतं, आमच्या तीन खोल्या तेवढ्या तापलेल्या होत्या.

त्यानंतर मी सोलापुरात तीन घरं बदलली. तिन्ही भाड्याची, तिन्ही जुनी. दरवेळी पहिल्याच वर्षी हेच सगळं केलं, आणि ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण एप्रिलमध्ये घाबरून आधी कूलर किंवा एसी आणतात आणि तापलेला स्लॅब डोक्यावर तसाच ठेवतात. मग यंत्र रात्रभर त्या स्लॅबशी झुंजत बसतं आणि बिल आपण भरतो.

ऊन कुठून घरात येतं ते आधी बघा

सोलापूर साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावलीही पडत नाही. तुमच्या गच्चीवर ऊन तिरपं पडत नाही, सरळ ओतलं जातं. नुसत्या सिमेंटचा राखाडी स्लॅब त्यातलं बहुतेक ऊन पिऊन घेतो. चार-पाच इंचांच्या स्लॅबमधून ती उष्णता खाली उतरायला तीन-चार तास लागतात, म्हणून दुपारी दोनचं ऊन आपल्याला संध्याकाळी सहानंतर छळतं. पश्चिमेची नऊ इंची विटांची भिंत आणखी सावकाश सोडते. तिचा ताप रात्री दहा-अकरापर्यंत खोलीत येत राहतो.

यातूनच एक उपयोगाची गोष्ट निघते. मेमध्ये दक्षिणेच्या खिडकीवर जवळजवळ ऊन येतच नाही, त्यामुळे तिथल्या पडद्यांवर पैसे घालू नका. तुमची लढाई दोन ठिकाणी आहे: वरचा स्लॅब आणि पश्चिमेची बाजू.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, तुमच्या घराची एका दिवसाची नोंद करा. भिंतीवर लावायचा साधा तापमापक आणा आणि पलंगाच्या उंचीवर टांगा. सकाळी सहाला, दुपारी तीनला, रात्री आठला आणि अकराला आकडा लिहून ठेवा. प्रत्येक वेळी स्लॅब आणि चारही भिंतींना हात लावून बघा. रात्री अकराला घरातला आकडा बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंशांनी जास्त असेल, तर घरानेच उष्णता धरून ठेवली आहे असं समजा. हा कागद टाकून देऊ नका. घरमालकाशी बोलताना लागतो, आणि पुढे कामाचा उपयोग झाला की नाही हेही त्यावरूनच कळतं.

छत कसलं आहे तेही बघून ठेवा. साखर पेठ, भवानी पेठ, बाळीवेस या जुन्या भागांत काही घरांना अजून माळवद आहे, म्हणजे लाकडी तुळया-वाशांवर मातीचा जाड थर. असं घर मिळालं असेल तर तुम्ही नशीबवान. ती माती दिवसभराचा ताप अडवते; फक्त पावसाआधी गळतीकडे लक्ष द्या आणि वर कसलंही ओझं चढवू नका. सगळ्यात वाईट म्हणजे गच्चीवर बांधलेली पत्र्याची खोली. कॉलेजच्या मुलांना बहुतेकदा तीच मिळते. तिच्याबद्दल पुढे वेगळं सांगते.

स्लॅब बघताना आणखी एक तपासा. खालच्या बाजूने प्लास्टर फुगलंय का, पोपडे पडलेत का, गंजलेल्या सळ्या दिसतायत का? तसं असेल तर थंडाव्याचा विचार बाजूला ठेवून आधी मालकाला लेखी कळवा. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करून घेणं महापालिका कायद्याने बंधनकारक आहे. अशा स्लॅबवर कोबा, कुंड्या, पाण्याची जादा टाकी असलं काहीही चढवू देऊ नका.

मालकाशी बोलणं

हे काम सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उठली की लगेच करा, म्हणजे जानेवारीअखेर. तेव्हा गवंडी मोकळे असतात, ऊन सोसण्याजोगं असतं आणि मालकही निवांत ऐकतो. एप्रिलमध्ये गेलात तर भाडेकरू नुसता उकाड्याची तक्रार घेऊन आलाय असं त्याला वाटतं.

माझ्या दुसऱ्या घरमालकांशी झालेलं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

"काका, गच्चीला चुना मारून घेऊ का?"

"कशाला? गळतंय का कुठं?"

"गळत नाही. तापतंय."

"उन्हाळ्यात तापणारच की ओ. सोलापूर हाय हे."

मी तापमापकाचा कागद पुढे केला. रात्री अकराला घरात सदतीस, गच्चीवर एकतीस. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"खर्च आम्ही करतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

"बघा की मग. पण पाइपात चुना जाऊ देऊ नका, पावसाळ्यात तुंबतंय."

पुढच्या वर्षी चुन्याचे पैसे त्यांनीच दिले, कारण खालच्या मजल्यावर राहणाऱ्या त्यांच्या सूनबाईंनाही फरक जाणवला होता. नवीन माणसाने एवढं लक्षात ठेवावं की गच्ची सगळ्यांची असते. वरच्या मजल्यावर दोन-तीन बिऱ्हाडं असतील तर आधी त्यांना भेटा, वर्गणी काढा आणि मग मालकाकडे एकत्र जा. एकट्या भाडेकरूला "बघू" म्हणणारा मालक तीन बिऱ्हाडं समोर आली की तारीख सांगतो.

तोंडी परवानगीवर मात्र विसंबू नका. माझ्या पहिल्या घराच्या मालकाने खिडकीबाहेर कूलरचं स्टँड बसवायला तोंडी हो म्हटलं होतं. घर सोडताना तीच चार भोकं दाखवून अनामतीतून पैसे कापून घेतले. तेव्हापासून मी प्रत्येक होकार व्हॉट्सअॅपवर लिहून घेते: "आज बोलल्याप्रमाणे गच्चीवर चुना लावतो आहोत, खर्च आमचा, काका तुमची हरकत नाही ना?" समोरून "ठीक आहे" आलं की झालं.

करार अजून व्हायचा असेल तर सगळ्यात उत्तम. लिव्ह अँड लायसन्सच्या करारातच दोन ओळी घालून घ्या: गच्चीवर पांढरा थर आणि खिडकीला कूलरचं स्टँड लावायची परवानगी आहे, आणि त्याचा खर्च कोण करणार. करार नोंदवलेला असलाच पाहिजे; महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. त्याच कायद्याच्या कलम १४ नुसार, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवस वाट पाहिली आणि तरी त्याने आवश्यक दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. हे कलम भाडेकरूसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याचं बहुतेक सगळं करारात काय लिहिलंय त्यावर ठरतं, म्हणून त्या दोन ओळी महत्त्वाच्या. माझं मत विचाराल तर फुटलेली खिडकी, गळकं छत, उघड्या वायरी यांच्यासाठी कायद्याचा आधार घ्या. चुन्यासाठी गोडीनेच बोला, ते स्वस्तही पडतं आणि लवकरही होतं.

गच्चीला चुना

सगळ्यात जास्त फरक याने पडतो, म्हणून हे नीट सांगते. अहमदाबाद महापालिकेने २०१७ मध्ये वस्त्यांमधली छतं पांढरी करायची मोहीम सुरू केली. पांढऱ्या छताने घरात दोन ते पाच अंशांचा फरक पडतो असा तिथला अनुभव सांगितला जातो. आमच्याकडे रात्री अकराचा आकडा सदतीसवरून चौतीसवर आला. ऐकायला तीन अंश थोडे वाटतात. झोप लागणं आणि न लागणं यांच्यात तेवढाच फरक असतो.

बाजारात कूल रूफचे तयार रंग मिळतात. ते चांगले आहेत, दोन-तीन वर्षं टिकतात, पण महाग पडतात. भाड्याच्या घरात मी चुन्यालाच पसंती देते. कळीचा चुना घरी विझवायच्या फंदात नवख्याने पडू नये. तो पाण्यात पडला की उकळतो, अंगावर उडतो, आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. विझवलेली चुना पावडर पोत्यात मिळते, ती घ्या.

आदल्या दिवशी गच्ची खराट्याने झाडून काढा. शेवाळ, जुने पोपडे, कबुतरांची घाण तारेच्या ब्रशने खरवडा. भेगा असतील तर गवंड्याकडून भरून घ्या. चुना भेगा बुजवत नाही, झाकतो फक्त. पाणी उतरायच्या पाइपांच्या तोंडात फडकी कोंबा, काम संपलं की आठवणीने काढा. मोठ्या पिंपात चुना रात्रभर भिजत घाला आणि सकाळी जुन्या सुती कापडातून गाळून घ्या, नाहीतर खडे राहतात आणि ब्रश ओरखडत जातो. त्यात सरस किंवा चुन्यात घालायचा फेविकॉल मिसळला की चुना धरून राहतो, पायाला कमी लागतो.

लावायची वेळ संध्याकाळची. तापलेल्या कोरड्या स्लॅबवर चुना लावला की पाणी क्षणात उडून जातं, चुना घट्ट व्हायला वेळच मिळत नाही आणि दुसऱ्या दिवशी पिठासारखा हाताला येतो. आमचा पहिला थर असाच वाया गेला. मग एका गवंड्याने सांगितलं, "ताई, आधी स्लॅबला पाणी पाजा." ऊन उतरल्यावर स्लॅबवर पाणी शिंपडा, ओल राहू द्या पण तळं नको, आणि मग पहिला हात ताकासारखा पातळ द्या. दुसऱ्या संध्याकाळी दुसरा हात, तो आडव्याच्या जागी उभा. तिसरा हात दिला तर उत्तम. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, आणि पायात जुन्या चपला. डोळ्यात उडालाच तर चोळू नका. नळाखाली डोळा धरा आणि सरळ दवाखाना गाठा.

आता वाळवणाचा प्रश्न. सोलापुरात मार्च-एप्रिलमध्ये गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे, लाल मिरच्या वाळत असतात. शेजारच्या काकूंच्या साडीला आणि मिरच्यांना चुना लागला तर सगळी इमारत तुमच्याशी अबोला धरेल. गच्चीचा एक कोपरा, शक्यतो जिन्याजवळचा, चुन्याशिवाय सोडा आणि जिन्यापासून तिथपर्यंत पायवाट ठेवा.

झालेलं काम कसं बघायचं? दुपारी दोनला चप्पल काढून एक पाय चुन्यावर आणि दुसरा पायवाटेच्या उघड्या सिमेंटवर ठेवा. सिमेंटवरचा पाय तुम्ही लगेच उचलाल. चुन्यावर उभं राहता येतं.

संध्याकाळी गच्चीवर पाइपने पाणी मारायची पद्धत अनेक घरांत आहे. मी तिच्या विरोधात आहे. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे शंभर-दोनशे लिटर पाणी रोज स्लॅबवर ओतणं पटत नाही. त्यात जुन्या स्लॅबच्या भेगांत पाणी मुरलं की सळ्या गंजतात, तो भाग वेगळाच.

पत्र्याची खोली

पत्रा उष्णता साठवत नाही, पण ऊन पडताच चुलीवरच्या तव्यासारखा तापतो. रात्री मात्र तो लवकर निवतो, म्हणून खरी अडचण दुपारची. पत्र्यावर पांढरा रंग किंवा चुना लावाच, पण त्याहून उपयोगी म्हणजे सावली. बांबू किंवा लोखंडी पाइप लावून पत्र्याच्या वर फूट-दीड फूट अंतरावर हिरवं शेडनेट ताणा, पंचाहत्तर टक्क्यांचं चालेल. मधून वारा जायला हवा. नेट पत्र्याला चिकटवून टाकलं तर फायदा अर्धा होतो. जूनआधीचे वादळवारे लक्षात घेऊन गाठी पक्क्या मारा. काही जण पत्र्यावर ज्वारीचा कडबा किंवा उसाचं पाचट टाकतात. इथे ते सहज मिळतं आणि गारवाही चांगला देतं, पण एक ठिणगी पुरते. वस्तीत ते करू नका. आणि दुपारी बारा ते पाच त्या खोलीत अभ्यास करायचा हट्ट धरू नका. ग्रंथालय, कॉलेजची अभ्यासिका, खालच्या मजल्यावरच्या मित्राचं घर, कुठेही बसा.

पश्चिमेची खिडकी

आतून कितीही जाड पडदा लावला तरी काच तापली की उष्णता आत आलीच. ऊन काचेच्या बाहेर अडवायचं. खिडकीच्या गजांना बाहेरून बांबूची चिक किंवा शेडनेट बांधा. आमच्याकडे याहून चांगलं काही आहे, आणि ते बहुतेक सोलापुरी घरांत माळ्यावर पडून असतं: जुनी, विरत आलेली चादर. सोलापुरी चादरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण नव्याने आलेल्यांना तिचा हा उपयोग कुणी सांगत नाही. जाड सुती वीण असल्याने ती पाणी भरपूर धरते. दुपारी दोनला ती भिजवून पिळा आणि पश्चिमेच्या गजांना बाहेरून बांधा. खिडकी इतकीच उघडी ठेवा की हवा चादरीतून गाळून आत येईल. एक-दोन बादल्यांत संध्याकाळ निघते. बाहेरचा झळांचा वारा त्या चादरीतून आत येतो तेव्हा ओल्या सुताचा वास येतो, आणि चेहऱ्याला लागतो तो गारवा कूलरइतका. चादर मात्र दर दोन दिवसांनी धुऊन उन्हात वाळवा, नाहीतर कुबट होते.

खिडक्या कधी उघडायच्या

कोकण किंवा मुंबईहून आलेल्यांसाठी हे मुद्दाम लिहिते, कारण मी स्वतः वर्षभर हीच चूक केली. चिपळूणला आम्ही दिवसभर सगळं सताड उघडं ठेवायचो, वारा खेळता राहिला की घामाला बरं वाटतं म्हणून. इथे मेमध्ये दुपारी बाहेरची हवा बेचाळीसची असते आणि घरातली छत्तीस-सदतीसची. अशा वेळी खिडकी उघडणं म्हणजे झळांना आत बोलावणं. सकाळी नऊच्या आत सगळं बंद करा, पडदे ओढा. भिजवलेली चादर किंवा कूलर असलेली खिडकी तेवढी अपवाद. सातनंतर, बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गार झाली की, आमनेसामनेच्या खिडक्या उघडा आणि पहाटेपर्यंत उघड्या ठेवा. त्यासाठी डासांच्या जाळ्या लागतील. चिकटपट्टीने लागणारी जाळी भाड्याच्या घराला चांगली, भोकं पाडावी लागत नाहीत. टेबलफॅन असेल तर रात्री तो खिडकीत, तोंड बाहेर करून ठेवा. खोलीतली गरम हवा तो बाहेर फेकतो आणि समोरच्या खिडकीतून गार हवा आपोआप आत येते.

पंखा

पंखा पाचवर असून हळू फिरत असेल तर बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. वायरमन दहा मिनिटांत बदलतो, खर्च किरकोळ. नवीन पंखा घ्यायचाच असेल तर बीएलडीसी घ्या. जुना पंखा पंचाहत्तर वॅट खातो तिथे हा तीस-पस्तीसवर चालतो, आणि उन्हाळ्यात पंखा चोवीस तास सुरू असतो. एक सावधगिरी मात्र हवी. खोलीतलं तापमान चाळीसच्या वर गेलं की नुसता पंखा शरीराला गार करत नाही, उलट गरम हवा अंगावर मारतो. घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं मूल असेल तर पंख्यासोबत अंगाला ओलं फडकं हवंच.

कूलर

सोलापूरची उन्हाळी हवा कोरडी असल्याने कूलर इथे मनापासून काम करतो. बेचाळीस अंश आणि वीस टक्के आर्द्रता असेल तर चांगल्या कूलरच्या तोंडाशी अठ्ठावीसच्या आसपास हवा मिळते. हाच कूलर चिपळूणला नेला तर घर नुसतं दमट करेल.

पण तो लावायचा कसा? नव्या माणसाची ठरलेली चूक म्हणजे कूलर खोलीच्या मध्यात ठेवून दारं-खिडक्या बंद करणं. एसीला ते लागतं, कूलरला नाही. कूलरने बाहेरची कोरडी हवा घेतली पाहिजे आणि आतली ओली हवा बाहेर गेली पाहिजे. म्हणून कूलर खिडकीत, तोंड आत, पाठ बाहेर. शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या सावलीतल्या खिडकीत. समोरची एखादी खिडकी किंवा दार वीत-दीड वीत उघडं ठेवा. अगरबत्ती लावून बघा: धूर सरळ त्या फटीकडे निघाला तर जमलं, खोलीत घोटाळला तर फट वाढवा. तासाभराने चादर-उशी ओलसर लागायला लागली तरी उपाय तोच.

पाण्याचा हिशेब आधी मांडा. मोठा डेझर्ट कूलर तासाला दहा लिटरच्या आसपास पाणी सहज पितो, म्हणजे रात्रभरात ऐंशी-शंभर लिटर. महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा हे जमेल का ते बघा. एका खोलीपुरता मध्यम कूलर घ्या आणि सगळ्यांनी त्याच खोलीत झोपा. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी कूलरला वापरू नका, वास येतो. ते झाडांना घाला. बोअरचं पाणी क्षारांचं असतं, कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवतावर पांढरा थर धरतं. म्हणून टाकीत नुसती भर घालत राहू नका. आठवड्यातून एकदा सगळं पाणी काढा, ब्रशने टाकी घासा, वाळू द्या आणि मगच भरा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. पत्र्याच्या कूलरचा करंट लागून माणसं दगावतात, आणि जुन्या इमारतींत धोका जास्त, कारण तिथे अर्थिंग एक तर नसतं किंवा कधीच तुटलेलं असतं. कूलर सुरू करण्याआधी वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांची पिन मोडून दोनवर चालवू नका. मालक तयार असेल तर मीटरजवळ तीस मिलीअॅम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळला की तो क्षणात पुरवठा तोडतो. पैसे तुमचे गेले तरी चालतील, पण हे करा. पाणी भरताना नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, पिन सॉकेटमधून काढलेली असली पाहिजे, पायात चप्पल आणि हात कोरडे. घरातल्या लहान मुलांना कूलरला हात लावायची बंदी, कायमची. शक्य असेल तर फायबर बॉडीचाच घ्या.

एसीबद्दल थोडक्यात. दीड टनाचा एसी चालू असताना साधारण दीड हजार वॅट ओढतो, कूलर दोनशेच्या आसपास. जुन्या वायरिंगवर, दिव्या-पंख्याच्या बोर्डावरून एसी लावू नका. मीटरपासून वेगळी चार चौरस मिलिमीटरची तार आणि वेगळा एमसीबी लागतो, आणि मंजूर भार वाढवायचा तर महावितरणकडे अर्ज मालकाच्या नावाने जातो. स्लॅबला चुना नसताना घेतलेला एसी रात्रभर थांबतच नाही, हे मी शेजारच्या घरात बघितलं आहे.

टाकीचं पाणी आणि अंगाची काळजी

गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. टाकीला पांढरा रंग द्या किंवा भोवती गोणपाट गुंडाळा. आंघोळीचं आणि कूलरचं पाणी पहाटेच पिंपात काढून घरात ठेवा. प्यायला माठ, खाली वाळू आणि तिवई, खिडकीच्या वाऱ्यावर.

चक्कर, डोकेदुखी, पायात गोळे आले तर सावलीत आडवं व्हा, लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या. चमचा चहाचा, सपाट भरलेला. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून कोरडं पडलं, शुद्ध हरपायला लागली, तर घरी उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी मारत वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

जूनमध्ये हवा दमट झाली की एका दिवसात कूलरचा उपयोग संपतो, हे अंगाला लगेच कळतं. तेव्हा कूलर बंद करा, गवत काढून टाका, टाकी पुसून उन्हात वाळवा आणि पंपाला तेलाचा थेंब देऊन सगळं जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवा. पहिल्या मोठ्या पावसाआधी गच्चीच्या पाइपांची तोंडं पुन्हा बघा. चुन्याचे पापुद्रे तिथेच अडकतात. पावसात चुना बराचसा धुऊन जातो. पुढचा हात परत गड्ड्याची यात्रा उठल्यावर, म्हणून उरलेली चुना पावडर ओल लागणार नाही अशी डब्यात घट्ट बंद करून ठेवा.